जेवणाआधी की जेवणानंतर?

श्रोतेहो, नमस्कार.

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून माझी सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न म्हणजे, 'ही जेवणाआधी की जेवणानंतर?' त्यातून पेशंट संधिवाताचा असला की या प्रश्नाला शेपूट फुटतं. 'डॉक्टर म्हणाले जेवून घ्या, नणंद म्हणते तिला उपाशीपोटी सांगितलीय, आणि खोक्यातल्या कागदावर तिसरंच छापलंय!'

गेल्या पावसाळ्यात अशाच एक काकू आल्या. बोटांची पेरं इतकी सुजलेली की पर्सची चेन उघडेना. मीच उघडून दिली. आत पाच पट्ट्या निघाल्या. त्यातल्या दोन कात्रीने अशा कापलेल्या, की औषधाचं नावच कापून गेलेलं. म्हणाल्या, 'जेवण झालं की मी सगळ्या एकदम घेते. कोण लक्षात ठेवणार?'

तर त्यांची नणंद खोटं बोलत नव्हती आणि डॉक्टरही चुकले नव्हते. दोघं वेगवेगळ्या गोळ्यांबद्दल बोलत होते. 'संधिवाताची गोळी' नावाची एक गोळी नसतेच.

आधी वेदनाशामक गोळी घेऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही त्यातली रोजची नावं. या पोटात काहीतरी टाकूनच घ्या, असं आपण सांगतो. त्यासाठी ताट वाढायला नको, दोन घास भाकरी किंवा कपभर दूधही चालतं. त्याने जळजळ, मळमळ कमी होते. पण 'जेवून घेतली, आता पोटाला धोका नाही' हा समज चुकीचा आहे, आणि तो मी रोज ऐकतो. जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत. सूज आणि दुखणं त्यामुळेच उतरतं. पण जठराचं अस्तर राखणारंही तेच असतं. वेनना १९८२ साली नोबेल मिळालं, तरी आपण अजून भाकरीच्या भरवशावर! गोळी रक्तात जाते आणि तिथून जठराचं संरक्षण काढून घेते, मग तुम्ही पोटभर जेवलेले असा नाहीतर उपाशी. म्हणून पूर्वी अल्सर झाला असेल, वय साठीच्या पुढे असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग काही डॉक्टर हीच गोळी जेवणाआधी का देतात? डायक्लोफिनॅकच्या बऱ्याच गोळ्यांवर असं आवरण असतं की ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी. भरल्या पोटात ती जठरातच रेंगाळते आणि गुण यायला उशीर होतो, कधी काही तास. म्हणून तो सल्ला. आणि म्हणूनच ती तोडून, कुटून घ्यायची नाही.

पित्ताच्या गोळीचं उलटं. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. काकू ती जेवणानंतर घेत होत्या, म्हणजे पहारेकरी चोरी झाल्यावर येत होता. संधिवात आटोक्यात ठेवणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर. स्टिरॉइड सहसा सकाळी न्याहारीनंतर, रात्री घेतलं तर झोप उडते. ते मनाने एकदम बंद मात्र करायचं नाही.

राहिली मेथोट्रेक्सेट, तीही संधिवात आटोक्यात ठेवणारीच. हिच्याबद्दल लोक तेच विचारतात, 'जेवून की उपाशी?' खरं तर हिला जेवणाचं फारसं सोयरसुतक नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या, एवढंच. भीती वेगळीच आहे. सांध्यांसाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. हिच्या जोडीला फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व देतात, आणि तेही हिच्यासारखंच पिवळं, छोटंसं. ते डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी, आणि या दोघींची अदलाबदल होता कामा नये.

काकूंच्या पाचही पट्ट्या मी त्यांच्यासमोर वेगळ्या केल्या. नावं कापलेल्या दोन बाजूला काढून नव्या दिल्या. मेथोट्रेक्सेटच्या खोक्यावर मार्करने ठळक 'सोमवार' लिहिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीत तोच वार होता.

काकूंनी खोकं डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, 'अहो, सोमवारी माझा उपास असतो.'

म्हटलं, 'हिला चालतो. त्या दुसरीला, दुखण्याच्या गोळीला, चालत नाही.'

'मग दुसरीवर पण लिहा ना,' म्हणाल्या, आणि मार्कर माझ्याकडे परत सरकवला.