परातभर पाणी आणि जळकं जहाज

(अग्निशमन सप्ताहात नाशिकला गंगापूर रोडवर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवलाय.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? येतंय, बरं. ही परात इथे टेबलावर कशाला असं सगळ्यांना वाटत असणार, ती खाली जेवणवाल्यांकडून मागून आणलीय, तिचं काम आहे, थोडं थांबा.

मी पंधरा वर्षं नेव्हीत शिपराईट होतो, म्हणजे जहाजावरचा सुतार, लोहार, प्लंबर सगळं एकात, आणि सुटून आल्यावर अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं शेड टाकलं. नाशिककराला मिलिटरी म्हटलं की देवळालीच्या तोफा आठवतात नाहीतर ओझरची विमानं. समुद्राशी आपला संबंध काय, तर गंगा, म्हणजे आपली गोदावरी, शेवटी जाऊन समुद्राला मिळते एवढाच, आणि तोही आपल्या बाजूचा समुद्र नाही, पार पलीकडे बंगालचा उपसागर! त्यामुळे इथे कोणाला सांगितलं की जहाजावर सगळ्यात जास्त भीती आगीची असते, की एक प्रश्न ठरलेला, अहो चारी बाजूंनी पाणीच पाणी, मग आग विझवायला अडचण कसली? माझ्या सासऱ्यांनी तर बघण्याच्या कार्यक्रमातच विचारलं होतं.

अडचण पाण्याचीच आहे. आता परात घेऊ. हिच्यात दोन तांबे पाणी ओतलंय, जास्त नाही, तळ झाकेल एवढंच. आता मी ही दोन्ही हातांनी धरून चालतो. बघा, एवढासा उजवीकडे कललो की सगळं पाणी उजवीकडे पळतं, आणि ते तिकडे गेलं की परात अजून उजवीकडे ओढली जाते, मग मी सावरायला डावीकडे उचलतो तर ते तेवढ्याच जोरात डावीकडे. घरी कोणी परात भरून नेली असेल त्याला हे माहितीये. काठोकाठ भरलेली, झाकण लावलेली कळशी परवडते, कारण आत पाण्याला हलायला जागाच नाही, पण पसरट भांड्यातलं थोडं पाणी फार वाईट. जहाजात तेच होतं. आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पूर मोजणारी माणसं, त्याच्या कमरेला पाणी लागलं की मग आपल्याला काळजी, घोट्याएवढ्या पाण्याला कोण विचारतो. पण जहाजाच्या रुंद कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे आतल्या खोलीत, घोट्याएवढं पाणी पसरलं की तिथून पुढे जहाजाचा तोल जहाजाच्या हातात राहत नाही, पाण्याच्या हातात जातो. गंमत म्हणजे त्याच कंपार्टमेंटला मधोमध उभी भिंत असेल तर हा त्रास एकदम चौथाईवर येतो, म्हणून जहाजाचं पोट आतून खणाखणांचं करतात.

आता हिशोब करा. आग विझवायच्या एका मोठ्या होजमधून मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पाणी पडतं असं धरा. चार होज लावले तर तासाला शंभर टनाच्या आसपास, आणि ते पाणी जातं कुठे, तर जिथे आग आहे तिथे, म्हणजे बऱ्याचदा वरच्या मजल्यांवर. तीन-साडेतीन हजार टनांच्या फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, डोक्यावर तुम्ही तासाला शंभर टन वजन ठेवताय, आणि ते वजन एका जागी बसणारं नाही, पळणारं आहे. म्हणून ट्रेनिंगमध्ये डोक्यात बसवतात की जेवढं पाणी आत तेवढं पाणी बाहेर, होज सुरू केला की पंप पण सुरू. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीला हे सगळं शिकवतात, तिथे डॅमेज कंट्रोलचं, म्हणजे आग-पाण्यापासून जहाज वाचवायच्या सरावाचं, सिम्युलेटर आहे, भोकातून पाणी फुसांडत येतंय आणि आपण छातीएवढ्या पाण्यात उभं राहून लाकडी पाचर ठोकतोय. मराठीत पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं, पण आमच्याकडे पाचर मारणारा माणूस हिरो.

१९४२ साली न्यूयॉर्कला नॉर्मंडी नावाचं फ्रेंच प्रवासी जहाज होतं, अमेरिकेने ताब्यात घेऊन त्याचं सैनिक वाहून नेणारं जहाज करायचं काम चाललं होतं, नवीन नाव लाफायेट. ९ फेब्रुवारीला एका दिवाणखान्यात गॅस कटिंग चाललेलं, ठिणगी उडाली ती लाइफ जॅकेटच्या ढिगावर. त्या जॅकेटमध्ये कापोक भरलेला, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊच, फुंकर मारली तरी उडणारा, तो किती वेळ लागणार पेटायला? मग फायर बोटी आल्या आणि त्यांनी नदीतून पाणी मारलं, मारलं, मारतच राहिले. आग आटोक्यात आली आणि जहाज कलायला लागलं. हे जहाज ज्याने डिझाइन केलं तो व्लादिमीर युरकेविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता, तो धावत आला आणि म्हणाला मला आत सोडा, खालचे व्हॉल्व्ह उघडतो, इथे पाणी उथळ आहे, जहाज सरळ खाली तळाला बसेल, आडवं होणार नाही. त्याचं कोणी ऐकलं नाही. रात्री अडीच-पावणेतीनला ते धक्क्यालाच आडवं झालं. ज्याने बनवलं तो माणूस बाहेर उभा राहून बघतोय, मला ही गोष्ट सांगताना अजून कसंतरी होतं.

हे जुनं, परक्या देशातलं असं म्हणाल. आपल्याकडे मुंबईत ३० जानेवारी २०११ ला आयएनएस विंध्यगिरी बंदरात येताना एका मालवाहू जहाजाला धडकली, आग लागली, तशीच गोदीत आणली, रात्रभर विझवत होते, दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. २१ जुलै २०२४, आयएनएस ब्रह्मपुत्रा, मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, असताना संध्याकाळी आग, क्रू आणि फायर ब्रिगेडने रात्रभर झगडून सकाळपर्यंत ती आटोक्यात आणली, आणि दुपारी जहाज डावीकडे कलायला लागलं ते सरळ करता आलं नाही, धक्क्याला टेकून एका कुशीवर पडलं. एक तरुण नौसैनिक त्यात गेला. ज्यांनी टीव्हीवर तो फोटो बघितला त्यांना वाटलं असेल की आग तर विझली होती ना! विझल्यानंतरच तर खरी भीती असते.

आता दुसरा मुद्दा, तो मला जास्त जवळचा. लढाऊ जहाज लढाईत जळतं असं आपल्याला वाटतं. पण मी आत्ता सांगितलेली उदाहरणं बघा, नॉर्मंडीवर काम चाललेलं, ब्रह्मपुत्रा रिफिटमध्ये. दुरुस्तीला लागलेलं जहाज म्हणजे ऑपरेशन टेबलवरचा पेशंट. फायर मेनचे, म्हणजे आगीसाठी पाणी नेणारे, पाइप उघडलेले, डिटेक्टर बंद, अर्धा क्रू सुट्टीवर नाहीतर बाहेर बॅरेकमध्ये, जागोजागी थिनर, चिंध्या, लाकडी फळ्या, थर्माकोल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारं. जहाजावर आग अडवायची ती दारं आणि हॅच बंद करून, पण रिफिटमध्ये प्रत्येक दारातून वेल्डिंगच्या केबल, हवेचे पाइप, तात्पुरत्या लाइटच्या वायरी गेलेल्या असतात, दार लागणार कसं?

अमेरिकेचं बॉनहोम रिचर्ड, हेलिकॉप्टर वाहून नेणारं अवाढव्य जहाज, सॅन दिएगोला १२ जुलै २०२० ला सकाळी पेटलं आणि चार दिवसांहून जास्त जळत होतं. चौकशीत निघालं की जहाजावरच्या होज स्टेशनपैकी ८७ टक्के बंद. फोमची यंत्रणा होती, बटण दाबायचं होतं, पण दाबायला कोणी गेलंच नाही, कारण ते बटण आहे आणि ते काय करतं हेच तिथल्या लोकांना नीट माहिती नव्हतं. आगीचा आळ एका नौसैनिकावर आला, तो खटल्यात निर्दोष सुटला. आणि बघा, हा पण रविवार आणि ब्रह्मपुत्रेचा पण रविवार. मी काही भविष्यवाला नाही, पण रविवारी गोदीतल्या जहाजावर किती माणसं असतात ते मला माहितीये.

आता माझी फजिती सांगतो. कुठलं जहाज ते सोडा. रिफिटमध्ये होतो, एका बल्कहेडवर, म्हणजे लोखंडी भिंतीवर, एक ब्रॅकेट वेल्ड करायचं होतं. इकडून वेल्डर आणि भिंतीच्या पलीकडे मी फायर सेंट्री, हातात एक्स्टिंग्विशर, काम एकच, भिंतीकडे बघत बसायचं. आमच्या शेडमध्ये पण मी पोरांना हेच सांगतो, वेल्डिंग करणाऱ्यापेक्षा पलीकडे बसणारा महत्त्वाचा, कारण लोखंड उष्णता आरपार नेतं, वेल्डरला त्याच्या बाजूला काहीच दिसत नाही. तर बराच वेळ काही होईना आणि खालून कोणीतरी ओरडलं चहा आला. मी गेलो. पाच मिनिटं, जास्त नाही. परत आलो तर कंपार्टमेंटच्या दाराच्या वरच्या कडेतून पिवळट धूर सरपटत बाहेर येतोय, अगदी हळू, जसा काही त्याला घाई नाही. भिंतीवरच्या लॅगिंगचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाचा, गोंद आणि रंग पेटला होता आणि कोणीतरी खिळ्याला अडकवलेला बॉयलर सूट. एक्स्टिंग्विशर मारला, विझलं, दोन मिनिटांचा खेळ. भिंतीवर काळा डाग, बरोबर या परातीएवढा.

मला वाटलं घासून रंग मारला की झालं. चीफ आला, त्याने डाग बघितलाच नाही, वर बघितलं. वरून केबलचा रन गेला होता, चाळीसेक केबल एकत्र बांधलेल्या, त्यातल्या सहा-सात केबलचं कवच भाजून मऊ पडलेलं. आता घरात वायर जळाली तर तुम्ही मध्ये कापून जॉइंट मारून टेप गुंडाळता, युद्धनौकेवर महत्त्वाच्या केबलला तसं चालत नाही, आख्खी केबल बदलायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि ती केबल प्रत्येक भिंतीतून ग्लँडमधून जाते, ग्लँड म्हणजे पाणी-धूर जाऊ नये म्हणून घट्ट आवळलेलं भोक. सात भिंती, सात ग्लँड, प्रत्येक खोलायचा, केबल ओढायची, परत भरायचा, टेस्ट करायचा. परातीएवढा डाग आणि तीन आठवडे काम. तेव्हापासून मला आगीचं नुकसान डागावरून मोजता येत नाही.

दुरुस्तीत खरी डोकेदुखी अशीच, न दिसणारी. जुन्या केबलवरचं पीव्हीसी जळलं की त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, तो ओलाव्याला लागला की ॲसिड. म्हणजे जिथे आगीची झळ पोचली नाही त्या खोलीतल्या पॅनेलवर पण धूर बसतो आणि आतली तांब्याची टोकं खायला सुरुवात करतो, दिसायला सगळं चकाचक. हल्ली क्लोरीन नसलेल्या, कमी धुराच्या केबल वापरतात, पण जुनी जहाजं आहेतच. लोखंडाचं म्हणाल तर साडेपाचशे-सहाशे डिग्रीला त्याची ताकद निम्म्यावर येते, थंड झाल्यावर बरीच परत येते, पण आकार गेलेला असतो, पत्रा पापडासारखा वाकलेला. मग कुठला कापायचा, कुठला ठेवायचा, इंजिनाच्या पायापासून पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची लाइन हलली का, हे सगळं मोजत बसायचं. आणि खारं पाणी शिरलेल्या मोटारी! इथे नदीकाठच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, पूर ओसरला की रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते. तसंच, पण आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग भट्टीत सुकवायचं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायचा, रीडिंग आलं नाही की परत भट्टी.

अमेरिकेची मायामी पाणबुडी, २०१२ ला गोदीत एका रंगाऱ्याने चिंध्यांच्या पिशवीला काडी लावली, का तर त्याला घरी जायचं होतं! सतरा वर्षं आत गेला. दुरुस्तीचा अंदाज आधी ४५ कोटी डॉलर, मग उघडत गेले तसे पाइप आणि बोल्टमध्ये तडे सापडत गेले, अंदाज ७० कोटींवर गेला आणि शेवटी सोडूनच दिली. बॉनहोम रिचर्डचं तेच, २५० ते ३२० कोटी डॉलर आणि पाच-सात वर्षं लागतील म्हटल्यावर भंगारात काढलं, भंगाराचे आले साडेछत्तीस लाख डॉलर. पण दरवेळी असं होत नाही हां. बेल्कनॅप नावाची क्रूझर १९७५ ला विमानवाहू जहाजाला धडकून अशी जळाली की वरचा ॲल्युमिनियमचा भाग वितळून गेला, ती १९८० ला परत सेवेत आली. आणि आपली बेतवा, ब्रह्मपुत्रेचीच बहीण, म्हणजे त्याच बांधणीची युद्धनौका, २०१६ च्या डिसेंबरमध्ये ड्राय डॉकमधून काढताना आडवी झाली, दोन नौसैनिक गेले, तिला दोन-अडीच महिन्यांनी सरळ केलं आणि नंतर दुरुस्त करून समुद्रात पाठवलं. ज्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लोकांनी ते केलं त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

बोला, तुम्ही हात वर केलाय मघापासून. काय? त्या चहाचं पुढे काय झालं? अहो चहा कुठला, मी पहिला घोट घ्यायच्या आधीच मला जाणवलं की आपण जागा सोडून आलोय, कप तिथेच ठेवून पळालो. शिक्षा मात्र पूर्ण कपाची झाली, सुट्टी बंद, आणि त्या तीन आठवड्यांत केबल ओढायला सगळ्यात पुढे मी.

बरं, खालून निरोप आलाय की परात परत हवीय, पुऱ्यांची कणीक मळायचीय. कोणीतरी तरुण माणूस या, हे पाणी बाहेर ओतून या. हां, दोन्ही हातांनी धर बाळा, सावकाश, उंबरा आहे... बघा, सांडलं!