ऊन पडलं म्हणून निर्णय चुकला?

नमस्कार मंडळी. पुन्हा तोच प्रश्न: ‘दादा, काहीच नक्की नसताना लीडरने ठरवायचं कसं?’ माहिती काढा, टीमला विचारा, किती वाजेपर्यंत ठरवायचं ते ठरवा. माहितीये तुम्हाला, पुढे जाऊ.

माझं डोकं फिरतं ते निकाल बघून निर्णयाला मार्क देणाऱ्यांवर. २००७ची टी-ट्वेंटी फायनल आठवा. शेवटच्या ओव्हरला पाकिस्तानला १३ हवेत, भज्जीची एक ओव्हर शिल्लक, पण मिसबाहने त्याला नुकतेच तीन सिक्स ठोकलेले. धोनीने बॉल दिला जोगिंदर शर्माला. वाइड, डॉट, सिक्स! मग मिसबाहचा तो मागे उचललेला स्कूप, खाली श्रीशांत, कॅच! ५ रनांनी जिंकलो. मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, ‘माहीला आतून कळतं.’ अरे बाबा, बॉल दोन हात पुढे पडला असता तर तूच शिव्या घातल्या असत्यास. निर्णय तोच असता ना?

माझंच सांगतो. अंधेरीच्या ऑफिसात मी पंधरा जणांची टीम सांभाळायचो. जुलैतली सकाळ, धो धो पाऊस. पुढे पडेल की थांबेल, कोण सांगणार? पण भरतीची वेळ आधीच छापलेली असते. दुपारी साडेचार मीटरच्या वर होती. त्यात पाऊस जोरात आला की पाण्याला समुद्रात जायला वाट नाही, दादरचा सखल हिंदमाता भाग तेव्हा तुंबायचाच. अकराला सगळ्यांना घरी पाठवलं. एक वाजता लख्ख ऊन! साहेब म्हणाले, ‘पिकनिकला सोडलंस का?’

आता हिशोब बघा. असा चुकलो तर अर्धा दिवस बुडाला. उलटा चुकलो असतो तर माणसं कुर्ला-सायनच्या मध्ये अडकलेल्या लोकलमध्ये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा आमची ताई कमरेएवढ्या पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचली होती. अर्धा दिवस भरून काढता येतो हो!

आणि ‘शाळेला सुट्टी दिली, पाऊस कुठाय?’ म्हणून मीम टाकणारे, तुम्हीही त्यातलेच. तिसऱ्यांदा सांगतोय, निकाल लागायच्या आधी कारण लिहून ठेवा. नंतर आपलीच आठवण आपल्याला फसवते. माझ्या वहीत ते पान अजून आहे: ‘११.०५. दुपारी मोठी भरती. चुकलो तर अर्धा दिवस.’

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, ‘पण ऊन पडलं ना?’