स्टेनगन: घाईघाईत जन्मलेली बंदूक

जून १९४०. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कवरनं ब्रिटिश फौज मिळेल त्या बोटीत बसून इंग्लंडला परत आली, माणसं वाचली पण तोफा, ट्रक, दारूगोळा सगळं फ्रान्समध्येच पडून राहिलं. जर्मन आता कधीही इंग्लिश खाडी ओलांडून येतील ही भीती घराघरात. जर्मनांकडे एमपी ४० सारखी सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी हलकी बंदूक होती, ब्रिटिश सैनिकाकडे त्या तोडीची स्वतःच्या देशात बनलेली बंदूकच नव्हती. अमेरिकेकडून थॉमसन म्हणजे आपली टॉमीगन घेत होते, आणि ती उत्तमच होती. आपल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत एकटे जर्मन मशीनगनवर धावून गेले तेव्हा त्यांच्या हातात टॉमीगनच होती, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून तीच उलटी धरून ते लढले, तिथेच त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण ती टॉमीगन सुरुवातीला २०० डॉलरच्या वर पडायची, शिवाय वाटेत अटलांटिकमध्ये पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या.

मग मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरॉल्ड टर्पिन या दोघांनी इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या शस्त्र कारखान्यात स्टेनचं डिझाइन केलं आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिला नमुना तयार झाला. STEN या नावातले एस आणि टी या दोघांच्या आडनावांचे. रचना बघा, लोखंडी नळी, आत एक जड बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकणारा लोखंडी ठोकळा आणि स्प्रिंग, डाव्या बाजूला आडवी मॅगझिन, मागे साधा लोखंडी दस्ता, बस. ट्रिगर ओढला की बोल्ट पुढे येतो, गोळी उडते, त्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो आणि परत तेच. फार काही मशीनिंग नाही, पत्रा प्रेसमध्ये वाकवायचा आणि वेल्डिंग मारायचं. किंमत साधारण अडीच पौंड! मार्क ३ हे मॉडेल तर लाइन्स ब्रदर्स नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने केलं, पत्रा वाकवायचा अनुभव त्यांच्याकडे होताच, आणि त्यांनी जवळजवळ पावणेनऊ लाख नग काढले. सगळी मॉडेल्स मिळून आकडा ४० लाखांच्या आसपास जातो.

सैनिकांना ती पहिल्यांदा अजिबात आवडली नाही, प्लंबरने जोडलेली वाटते म्हणायचे. पण दिसण्यापेक्षा खरा त्रास मॅगझिनचा होता. आत गोळ्या दोन रांगेत आणि तोंडाशी येताना त्यांची एक रांग होते, तिथे थोडी माती गेली किंवा पत्रा जरा चेपला की गोळी अडकलीच. मॅगझिन ३२ गोळ्यांची, पण जाणते सैनिक २८ ते ३० च भरायचे. दुसरा धोका म्हणजे भरलेली बंदूक दस्त्यावर आपटली तर बोल्ट उसळून आपोआप गोळी सुटायची. यात आपलीच माणसं गेली आहेत, आणि स्वस्ताईचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

२७ मे १९४२, प्राग. जर्मनांच्या ताब्यातल्या चेक भागाचा नाझी कारभारी हायड्रिख याची उघडी गाडी वळणावर हळू झाली, त्याला मारायला ब्रिटनहून पाठवलेल्या दोघांपैकी योझेफ गाब्चिक स्टेन घेऊन समोर उभा राहिला, ट्रिगर ओढला आणि गोळी सुटलीच नाही. त्याचा साथीदार यान कुबिशने बॉम्ब टाकला म्हणून काम झालं, हायड्रिख ४ जूनला मेला. नाझींनी सूड म्हणून लिडित्से गाव जमीनदोस्त केलं, पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत धाडलं.

तरी जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत लोकांना स्टेनच हवी होती, कारण सुटी करून पॅराशूटने टाकता यायची, लपवता यायची आणि तिला जर्मनांचीच ९ एमएम गोळी चालायची. शिवाय साध्या वर्कशॉपमध्ये बनायची, डेन्मार्क, नॉर्वेत लोकांनी चोरून बनवल्या. पोलंडमध्ये झाव्रोत्नी आणि व्हिएलानियर या इंजिनियरांनी स्टेन आणि एमपी ४० मिळून 'ब्लिस्कावित्सा' केली, ज्यात वेल्डिंग टाळून आटे आणि स्क्रू वापरले, म्हणजे छोट्या कारखान्यात गुपचूप जमेल. १९४४ च्या वॉर्सा उठावात ती वापरली गेली. जर्मनांच्या डोळ्यासमोर हे धाडस, केवढी हिंमत लागली असेल!

आणि १९४४ मध्ये जर्मनीवर अशी पाळी आली की माउझर कंपनीने स्टेनचीच हुबेहूब नक्कल केली, ब्रिटिश खुणांसकट, आणि शेवटी शेवटी एमपी ३००८ काढली, तीही स्टेनच, फक्त मॅगझिन खाली.

आपल्याकडे काश्मीरच्या लढाईत ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेराजवळ तैनधारवर १ राजपूत या बटालियनच्या नाईक जदुनाथ सिंहांच्या चौकीत नऊच जण होते. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी लढायला ते एकटेच उरलेले, जखमी, तरी मोर्चातून बाहेर आले आणि स्टेन चालवत शत्रूवर चालून गेले. हल्ला मोडला, ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

१९५३ पासून ब्रिटिश सैन्यात स्टेनच्या जागी स्टर्लिंग येऊ लागली. तिची मॅगझिन वाकडी, ३४ गोळ्यांची आणि आत रोलर, त्यामुळे गोळी अडकायचा तो जुना त्रास बराच कमी झाला. कानपूरच्या कारखान्यात ती ९ एमएम कार्बाइन म्हणून बनली आणि आपल्या जवानांकडे, पोलिसांकडे कित्येक वर्षं राहिली.