टूरिंग कार रेसिंग: "नुसती ठोकाठोकी" म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार. फॉर्म्युला वनवर मी काहीही टाकलं की खाली एक कमेंट ठरलेली असते, "दादा, तुम्ही ते टूरिंग कार कशासाठी बघता?" आणि तिच्याखाली दोन मिनिटांत दुसऱ्या कुणाचं उत्तर, "त्यात काय आहे, नुसती ठोकाठोकी." पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटत नाही. दुसरी कमेंट मात्र झोंबते. म्हणून आज जास्त वेळ तिलाच देणार आहे.

आधी प्राथमिक गोष्टी, पटापट. टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये दिसते त्याच जातीची सेडान किंवा हॅचबॅक. आतून रिकामी केलेली, पोलादी पिंजरा बसवलेली, इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं रेसचं. बाहेरून मात्र गाडी ओळखू येते, दारं दिसतात, छप्पर दिसतं. ब्रिटनमधली बीटीसीसी ही टूरिंग कार मालिका १९५८ पासून चालू आहे. ऑस्ट्रेलियाची बाथर्स्टची रेस आहे, जर्मनीची डीटीएम मालिका आहे. आणि हल्ली बऱ्याच देशांत टीसीआर नावाच्या नियमांनी बांधलेल्या गाड्या पळतात: दोन लिटर टर्बो इंजिन, ताकद पुढच्या चाकांना, साधारण साडेतीनशे हॉर्सपॉवर. फॉर्म्युला वनची गाडी हजाराच्या घरात जाते. म्हणजे वेगात तुलनाच नाही. कुणी करतही नाही. झालं, पुढे चला.

आता मुद्दा. चाकं झाकलेली आहेत. अख्ख्या टूरिंग कार रेसिंगची मजा या एका गोष्टीतून निघते, आणि हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हसू नका, सांगतो.

फॉर्म्युला वन, फॉर्म्युला टू, इंडीकार, यांची चाकं उघडी असतात. समजा, एक गाडी दुसरीच्या अगदी मागे आहे. पुढच्या गाडीचं मागचं चाक फिरतंय, त्याची मागची बाजू वर जातेय. मागच्या गाडीचं पुढचं चाक फिरतंय, त्याची पुढची बाजू खाली येतेय. ही दोन रबरं एकमेकांना भिडली की मागची गाडी पुढच्या चाकावर चढते. चढते म्हणजे अक्षरशः हवेत जाते. शिवाय पुढचा पंख कार्बनचा. त्याचं एक टोक कुठे घासलं की तुमच्या रेसचं वाटोळं झालं म्हणून समजा. त्यामुळे तिथला ड्रायव्हर शेजारच्याला जागा ठेवतोच, ठेवावीच लागते. त्यात त्याचं कौशल्य प्रचंड आहे, मी नाकारत नाही. पण दोन गाड्या एकमेकींना टेकून अख्खं वळण पार करताहेत, हे तुम्हाला तिथे दिसणार नाही.

टूरिंग कारमध्ये दिसतं. दाराला दार टेकतं, रंगाचा पट्टा निघतो, आरसा उडतो, आणि दोघंही पुढच्या वळणाला तसेच जातात. टेकणं वेगळं आणि ठोकणं वेगळं. गर्दीत खांदा लागणं आणि माणसाला खाली पाडणं यात जो फरक आहे तोच.

हेच आता ड्रायव्हरच्या बाजूने बघू. गाडी जड आहे, डाउनफोर्स (हवेने गाडीला रस्त्यावर दाबणारा जोर) कमी आहे, म्हणजे ब्रेक लवकर दाबावा लागतो आणि ब्रेकिंगचा टप्पा लांब होतो. टप्पा लांब म्हणजे चाल खेळायला जागा. फॉर्म्युला वनमध्ये पुढच्या गाडीच्या मागे हवा इतकी घुसळलेली असते की मागच्याची पकड कमी होते, टायर तापतात, आणि तो वैतागून रेडिओवर बोलत बसतो. २०२२ चे नियम आणले ते मुख्यतः याच दुखण्यावर. टूरिंग कारमध्ये हवेवरचं अवलंबन कमी, त्यामुळे बंपरला बंपर लावून चार-चार लॅप बसता येतं. उलट, सरळ रस्त्यावर पुढच्याच्या आडोशाने फुकटचा वेग मिळतो. आणि मग वळणाच्या मध्यावर, पुढचा जरा रुंद गेला की मागचा त्याच्या बंपरला अलगद टेकतो. पुढच्याची लाइन अर्ध्या गाडीने बाहेर सरकते, आत फट पडते, मागचा तिथे नाक घालतो. पुढचा अजून रस्त्यावरच आहे, लढायला मोकळा आहे, आणि बहुतेक वेळा पुढच्या वळणाला परतफेड करतो. किती जोराने टेकायचं याचा अंदाज ही खरी कला आहे. जोर थोडा कमी पडला तर काहीच होत नाही, थोडा जास्त झाला तर समोरचा गोल फिरतो आणि तुम्हाला पंच बोलावतात.

पंचांवरून तिसरी बाजू आली. ज्यांना वाटतं इथे सगळं चालतं, त्यांनी एकदा बीटीसीसीचे रेसनंतरचे निकाल बघावेत. जागा परत द्या, वेळेची शिक्षा, पुढच्या रेसला मागून सुरुवात, सगळं असतं. समोरच्याला रस्त्याबाहेर घालवून मिळवलेली जागा तुमची नाही. वाद होतो तो मधल्या पट्ट्यात, आणि तो वाद तीस-तीस वर्षं चालतो. १९९२, सिल्व्हरस्टोन, मोसमाची शेवटची रेस. जॉन क्लेलंड व्हॉक्सहॉलमध्ये, टिम हार्वी बीएमडब्ल्यूमध्ये, दोघंही विजेतेपदाच्या शर्यतीत. हार्वीच्या बाजूचा दुसरा बीएमडब्ल्यूवाला स्टीव्ह सोपर. सोपरने हार्वीला पुढे जाऊ दिलं. क्लेलंड सोपरशी भिडला, एका क्षणी त्याची गाडी दोन चाकांवर आली. पुढच्याच काही वळणांत सोपर आतून घुसला, टक्कर झाली, दोघंही बाद. हार्वी चॅम्पियन. ती क्लिप शोधा, मरी वॉकर यांचं समालोचन आहे तिच्यावर. मग मला सांगा, ते टेकणं होतं की ठोकणं? माझं मत: ठोकणं. सोपरचे चाहते आता खाली येतीलच.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की "ठोकाठोकी" म्हणणारा माणूस ही सगळी रेषाच पुसून टाकतो. रेष आहे म्हणून तर भांडण आहे ना!

एक मित्र आहे माझा, फक्त फॉर्म्युला वन बघणारा. त्याला मी बीटीसीसीची एक जुनी रेस लावून दिली. पहिली दोन मिनिटं तो "पहिला कोण आहे, अंतर किती आहे" हेच विचारत होता, कारण त्याला तीच सवय. जरा वेळाने बघतो तर हा सोफ्याच्या कडेवर येऊन अकराव्या नंबरच्या गाडीवर ओरडतोय. पहिल्या नंबरकडे त्याचं लक्षच नव्हतं. नव्याने बघणार असाल तर तुम्हीही हेच करा. पुढच्याला सोडा, पाचव्यापासून बाराव्यापर्यंतच्या घोळक्यावर डोळा ठेवा.

आणि पहिली लॅप चुकवू नका. ताकद पुढच्या चाकांना असलेल्या गाडीत पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात, म्हणून ती लगेच तापतात. मागची बिचारी नुसती मागे येतात, थंड. म्हणून पहिल्या लॅपला वेगवान वळणात गाडीची मागची बाजू निसटते. मी सिम्युलेटरवर अशी गाडी चालवतो तेव्हा सुरुवातीला हात घट्ट होतात. घाबरून एक्सलरेटर सोडला की मागची बाजू आणखीच निघते. उलट पाय दाबून ठेवायचा, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मन तयार होत नाही, पण तसंच आहे.

आता दुसरी आवडती कमेंट. "जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन टाकतात, ही कसली रेस?" बरोबर आहे, टाकायचे. बीटीसीसीमध्ये एकेकाळी आघाडीवरच्या ड्रायव्हरला ७५ किलोपर्यंत जादा वजन वाहावं लागायचं. २०२२ ते २०२४ हायब्रिड होतं, तेव्हा गुणतालिकेत पुढे असलेल्याला विजेचा जोर कमी वापरायला मिळायचा. शिवाय वर्षानुवर्षं दिवसाला तीन रेस, आणि तिसरीत पहिले काही जण उलट्या क्रमाने उभे. किती जण उलटायचे हे चिठ्ठी काढून. तुम्हाला हे कृत्रिम वाटतं, वाटू द्या. २०२३ मध्ये फॉर्म्युला वनच्या २२ पैकी २१ रेस एकाच टीमने जिंकल्या, एकोणीस एकाच माणसाने. ते शंभर टक्के शुद्ध होतं. तुम्ही त्यातल्या किती रेस शेवटपर्यंत जागून बघितल्या, हे खाली लिहा. प्रामाणिकपणे.

मलाही यातलं सगळं आवडतं असं नाही. वजनाचं मला पटतं, कारण जड गाडी घेऊन सहावा येणारा चॅम्पियन कसा विचार करतो ते दिसतं. चिठ्ठीचं मात्र पोरकट वाटतं. आणि टीसीआरमध्ये गाड्यांची बरोबरी साधायला प्रत्येक मॉडेलला वेगळं वजन, वेगळी उंची, इंजिनला वेगळी मुभा देतात, त्यातून एक कंटाळवाणी सवय लागलीय. कुणीही जिंकला की बाकीचे म्हणणार, त्याला नियमांनी जिंकवलं. पण बरोबरी साधली नाही तर काय होतं तेही आपण बघितलंय. नव्वदच्या दशकात डीटीएमच्या गाड्या इतक्या महागड्या झाल्या की १९९६ नंतर अल्फा रोमियो आणि ओपेलने काढता पाय घेतला आणि काही वर्षं मालिकाच बंद पडली. बीटीसीसीच्या नव्वदच्या दशकातल्या सुपर टूरिंग नियमांच्या काळाचंही तेच, २००० पर्यंत तीनच कंपन्या उरल्या होत्या.

तो काळ होता मात्र भन्नाट. १९९४ मध्ये व्होल्वोने ८५० ची चक्क स्टेशन वॅगन रेसला उतरवली. सामान ठेवायच्या डिक्कीसकट! लोक हसले, तर त्यांनी परेड लॅपला मागे भुसा भरलेला मोठा कुत्रा बसवला. पुढच्या वर्षी पंखांचे नियम बदलले आणि ते सेडानकडे वळले. त्या वॅगनचा एक ड्रायव्हर रिकार्ड रिडेल १९९८ मध्ये व्होल्वोच्याच एस४० मध्ये चॅम्पियन झाला. त्याच १९९८ मध्ये नायजेल मॅन्सेल, होय तोच, फॉर्म्युला वनचा १९९२ चा विश्वविजेता, डोनिंग्टनला पावसात फोर्ड माँडिओ घेऊन मागून आला आणि चक्क आघाडीवर गेला. शेवटी पाचवा. ज्या गाडीतून लोक ऑफिसला जात होते, त्या गाडीत मॅन्सेल. मला आणखी काही सांगायची गरज आहे का?

उलट दिशेचं उदाहरण गाब्रिएले तारक्विनी. फॉर्म्युला वनमध्ये बिचाऱ्याला कमकुवत गाड्या मिळाल्या, कितीतरी वेळा रेसआधीच्या पूर्वपात्रता फेरीतच बाहेर. टूरिंग कारमध्ये १९९४ ची बीटीसीसी जिंकली, २००९ मध्ये ४७ व्या वर्षी विश्वविजेता, आणि २०१८ मध्ये, वय ५६, डब्ल्यूटीसीआर या टूरिंग कारच्या विश्वचषकाचा विजेता. एवढं वय तिथे चालतं, कारण मानेवर तसा ताण येत नाही आणि अनुभव खूप कामाला येतो.

रॅलीबद्दल विचारता. रॅली मला आवडते, पण तिथे शत्रू घड्याळ आहे, शेजारी दुसरी गाडी नाही. ल माँची चोवीस तासांची रेस वेगळीच गोष्ट, तिच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू. अमेरिकेचं नॅस्कार मात्र सख्खं भावंड आहे, चाकं झाकलेलीच. आणि "जीटी३ पण बंदच चाकांची ना?" हो, आणि २०२१ पासून डीटीएम त्याच गाड्यांवर चालतं. पण त्या आधीच सुपरकार आहेत, डाउनफोर्स जास्त, सुटे भाग महाग. टेकायच्या आधी ड्रायव्हर बिलाचा विचार करत असणार.

सुरुवात कुठून करू, हे विचारणाऱ्यांसाठी: बाथर्स्ट. माउंट पॅनोरमाचा डोंगर, ६.२१३ किलोमीटरची लॅप, १६१ लॅप, खालपासून वरपर्यंत १७४ मीटरची चढण. एरवी तो सार्वजनिक रस्ता असतो, ताशी ६० ची मर्यादा असलेला. १९८० मध्ये डिक जॉन्सन हा ड्रायव्हर फोर्डमध्ये पुढे असताना रस्त्यावर आलेल्या दगडाला धडकला, गाडी गेली, सगळा पैसा तिच्यात अडकलेला. टीव्हीवर तो बोलला आणि लोकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली, फोर्डने तेवढेच वर घातले. १९८१ मध्ये त्यानेच ती रेस जिंकली. आधी १९८० ची ती मुलाखत बघा, मग १९८१ ची रेस, आणि दोन्ही बघून झाल्याशिवाय खाली "ठोकाठोकी" लिहू नका.