घोड्यापेक्षा पाय बरे : ऑक्सफर्डच्या ॲथलेटिक क्लबची हकीकत

नमस्कार. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ॲथलेटिक क्लबचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात एका वाईट घोड्यापासून करावी लागते. १८५० मध्ये तिथल्या एक्झेटर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपापसांत घोड्यांची शर्यत लावली होती. ती आटोपल्यावर हॅलिफॅक्स वायट नावाचा विद्यार्थी वैतागून म्हणाला, की त्या उंटावर पुन्हा बसण्यापेक्षा आपण दोन मैल पायी धावू. मित्रांनी त्याचे बोलणे मनावर घेतले, त्याच वर्षी कॉलेजात पायी शर्यती भरल्या, आणि अडथळे ओलांडत दोन मैल धावण्याची शर्यत वायटनेच जिंकली. आजच्या ऑलिम्पिकमधील स्टीपलचेस शर्यतीतले पाण्याचे खड्डे आणि आडवे लाकडी ओंडके घोड्यांच्या शर्यतीतूनच आलेले आहेत, हे लक्षात घेतले की ही हकीकत निव्वळ गंमत राहत नाही.

एका कॉलेजचे हे वेड पुढे साऱ्या विद्यापीठात पसरले. केंब्रिजचा क्लब १८५७ मध्ये, तर ऑक्सफर्डचा १८६० मध्ये स्थापन झाला. मार्च १८६४ मध्ये ऑक्सफर्ड येथे दोघांचा पहिला सामना झाला, त्यात आठ प्रकार होते आणि दोन्ही विद्यापीठांनी प्रत्येकी चार जिंकले. मैदानाबाहेर शेतांतून, चिखलातून धावणाऱ्यांनी १८७६ मध्ये आपला वेगळा क्लब काढला, आणि त्यांचाही केंब्रिजशी सामना १८८० पासून सुरू झाला.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक वाद, आणि तो एका शब्दावरून झाला. आपण मराठीत ‘हौशी’ म्हणतो तेव्हा आवडीने खेळणारा, एवढाच अर्थ आपल्या मनात असतो, मग तो सावकाराचा मुलगा असो वा सुताराचा. इंग्लंडमध्ये मात्र त्या काळी ‘ॲमॅच्युअर’ या शब्दाला जातीसारखा वास होता. १८६६ मध्ये विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये जो ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब काढला, त्याच्या नियमांनी कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्यासच नकार दिला. ज्याने शर्यतीतून कधी एक पैसाही घेतलेला नाही, असा गिरणी कामगारसुद्धा केवळ हाताने काम करतो म्हणून बाहेर राहत असे. शिवाय हा क्लब राष्ट्रीय स्पर्धा विद्यापीठ सामन्याच्या पाठोपाठ वसंत ऋतूत भरवत असे. ते विद्यार्थ्यांच्या सोयीचे होते, परंतु उत्तर इंग्लंडमधील धावपटूंना ती उन्हाळ्यात हवी होती.

हा पेच सोडवला तो ऑक्सफर्डच्याच तिघांनी. हर्टफर्ड कॉलेजमधील प्राध्यापक क्लेमेंट जॅक्सन, जे स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीतील नावाजलेले धावपटू होते, पुढे न्यायाधीश झालेले माँटेग्यू शिअरमन, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात गेलेले बर्नहार्ड वाइझ यांनी २४ एप्रिल १८८० रोजी ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलमध्ये बैठक बोलावली, आणि तीतून ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना जन्माला आली. पैशासाठी धावणाऱ्यांवरील बंदी कायम राहिली, परंतु मजूर आणि कारागीर यांना वगळणारे कलम गेले, आणि राष्ट्रीय स्पर्धा उन्हाळ्यात भरू लागली. विद्यार्थ्यांच्या एका क्लबातील माणसांनी देशभराच्या खेळाचे नियम ठरवावेत, हे आज थोडे अजब वाटते. आणि मोकळेपणाचे हे पाऊलही अर्धेच होते, कारण स्त्रिया या चित्रात कुठेच नव्हत्या. ऑक्सफर्डने त्यांना पदवी देण्यास सुरुवात केली तीच मुळी १९२० मध्ये.

पदकांबद्दल थोडक्यात सांगतो. क्लेमेंट जॅक्सन यांचा पुतण्या आर्नल्ड जॅक्सन याने ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. त्याच अंतराचे सुवर्णपदक १९३६ मध्ये बर्लिनला न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉकने विश्वविक्रमासह जिंकले, आणि तोही ऑक्सफर्डमध्ये एक्झेटर कॉलेजातच शिकलेला होता.

त्याच कॉलेजात १९४६ मध्ये रॉजर बॅनिस्टर दाखल झाला. त्याच्या विक्रमाविषयी सगळेच बोलतात, पण त्याने क्लबचा अध्यक्ष या नात्याने केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते. इफ्ली रोडवरील जुना ट्रॅक उंचसखल होता आणि त्याच्या तीन फेऱ्यांचा एक मैल होत असे. तो मोडून चार फेऱ्यांचा, सहा लेनचा नवा ट्रॅक बांधण्याचा आग्रह बॅनिस्टरने धरला आणि १९५० मध्ये तो तयार झाला. ६ मे १९५४ रोजी याच ट्रॅकवर, पुढे धावणाऱ्या ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांच्या साथीने, त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला माणूस. हा विक्रम ४६ दिवसच टिकला, कारण ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये तो मोडला.

त्या संध्याकाळी सामना होता तो ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन यांच्यात. बॅनिस्टर तोवर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता, त्यामुळे तो धावला असोसिएशनकडून, म्हणजे रँडॉल्फ हॉटेलमध्ये जन्मलेल्या त्या संघटनेकडून. आपणच आग्रहाने बांधून घेतलेल्या ट्रॅकवर, आपल्या जुन्या क्लबच्या विरुद्ध संघातून.