खलपांनी मांडलेलं महिला आरक्षण विधेयक अडलं कुठे?

नमस्कार. १२ सप्टेंबर १९९६. लोकसभेत महिला आरक्षणाचं, म्हणजे एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखण्याचं, पहिलं विधेयक मांडायला उभे राहिले गोव्यातल्या मांद्रेचे वकील, ॲड. रमाकांत खलप. पणजीतून निवडून आलेले मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) एकटे खासदार, आणि देवेगौडा सरकारात विधी राज्यमंत्री. मगोचं चिन्ह सिंह, तो थेट दिल्लीत!

(पडद्यावर: २७३)

आता गणित बघा. हे ८१वं घटनादुरुस्ती विधेयक. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. इथे राज्यघटनेचं कलम ३६८ लागतं: हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. ५४५ च्या सभागृहात म्हणजे किमान २७३. सरकार अल्पमतातलं, काँग्रेसच्या बाहेरच्या टेकूवर. त्यात आघाडीतलेच लोक ओबीसी महिलांसाठी वेगळा वाटा मागू लागले. कागद कितीही चोख असो, आकडा आणायचा कुठून?

विधेयक खासदार गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. ९ डिसेंबरला अहवाल आला. त्यातली एक सूचना गोंयकारांनी नीट ऐका: लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा असलेल्या राज्यांतही आरक्षण ठेवा. गोव्याच्या जागा दोन! पुढे २००८ च्या विधेयकात तोडगा आला: दोन जागा असतील तर तीन निवडणुकांच्या फेरीत प्रत्येक जागा एकेकदा राखीव, तिसऱ्या खेपेला दोन्ही खुल्या.

डिसेंबर १९९७ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळलं. लोकसभेत पडून असलेलं विधेयक तिच्याबरोबरच संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं मात्र टिकतं. म्हणून २००८ चं आधी राज्यसभेत मांडलं. ९ मार्च २०१० ला तिथे मंजूरही झालं. पण मंजूर होऊन लोकसभेकडे गेलं की ते कवच जातं. २०१४ मध्ये तेही संपलं.

खलप १९९८ ला पणजीतून हरले. पुढे गोवा कायदा आयोगाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये उत्तर गोव्यातून काँग्रेसतर्फे लढले, पडले.

कायदा झाला सप्टेंबर २०२३ मध्ये, १०६वी घटनादुरुस्ती म्हणून. लोकसभेत ४५४ विरुद्ध २. पण कलम ३३४अ ची अट आहे: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, त्यानंतर आरक्षण. शिवाय लोकसभेतला एक तृतीयांश हिस्सा देशभरच्या एकूण जागांचा धरलाय. गोव्याच्या दोन जागांची, २००८ च्या विधेयकातली ती फेरी या कायद्याच्या मजकुरात नाही.

पणजीतून १९८० मध्ये संयोगिता राणे निवडून आल्या होत्या. त्याही मगोच्याच, आरक्षणाशिवाय.