पेशींची निवड आणि सामायिक केंद्राची जबाबदारी

संशोधक मित्रहो,

कर्करोगाच्या गाठीबद्दल आपण एखाद्या वस्तूसारखे बोलतो, पण प्रत्यक्षात ती नाना तऱ्हेच्या पेशींची गर्दी असते. तिच्यात कर्कपेशींबरोबर टी-पेशी व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी असतात, आणि कर्कपेशीदेखील सगळ्या सारख्या नसतात. संपूर्ण गाठ एकत्र वाटून तपासली, तर हाती या सर्वांची सरासरी येते. 1994 मध्ये टोरांटोतील जॉन डिक यांच्या गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सीडी34 आणि सीडी38 या पेशीपृष्ठावरील प्रथिनांच्या खुणांनुसार वेगळ्या करून उंदरांत सोडल्या, तेव्हा रोग नव्याने उभा करण्याची क्षमता त्यांतल्या मोजक्याच पेशींत आढळली. ते चित्र पुढे अधिक गुंतागुंतीचे ठरले. मात्र पेशी वेगळ्या करता आल्या म्हणूनच तो प्रश्न विचारता आला.

पेशी वेगळ्या करण्याची ही युक्ती 1965 मध्ये लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी करून दाखवली, आणि स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने तिला फ्लुरोसन्सची, म्हणजे लेसरखाली चमकणाऱ्या रंगांनी पेशी ओळखण्याची, जोड दिली. सॉर्टर म्हणजे पेशी वेगळ्या करणारे यंत्र; त्यातील नॉझलचे छिद्र अनेकदा 70 किंवा 100 मायक्रॉनचे असते. त्यातून निघणारी धार कंपनामुळे ठरावीक अंतरावर तुटते आणि सेकंदाला हजारो थेंब तयार होतात. लेसरसमोरून गेलेली पेशी थेंब तुटण्याच्या जागी नेमकी केव्हा पोहोचेल, हा काळ आधी मोजून ठेवलेला असतो. त्या क्षणी धारेला विद्युतभार दिला जातो आणि पुढे विद्युतक्षेत्रात तो थेंब वळून नळीत पडतो. नॉझलच्या तोंडाशी पेशींचा लहानसा गुठळा अडकला, तरी थेंब तुटण्याची जागा सरकते आणि भार शेजारच्या थेंबावर जातो. अशा वेळी पडद्यावरचा आलेख काही काळ नेहमीसारखाच दिसू शकतो, आणि नळीत मात्र भलत्याच पेशी जमत असतात. म्हणून थेंबांच्या प्रतिमेवर नजर ठेवणारे आणि वेगळ्या केलेल्या पेशींचा अंश पुन्हा यंत्रातून सोडून शुद्धता तपासणारे माणूस तेथे लागते.

अनेक प्रयोगशाळा मिळून असे यंत्र जिथे वापरतात त्या सामायिक केंद्राविषयी मला जे सांगायचे आहे, ते याच माणसाविषयी आहे. यंत्र महाग असल्यामुळे ते वाटून घ्यावे लागते, हे सर्वांना मान्य आहे; पण आपण खरोखर वाटून घेतो ते ऑपरेटरचे अनुभवाने तयार झालेले डोळे. मी स्वतः कित्येक महिने एका गाठीच्या नमुन्यात कर्कपेशी आणि मॅक्रोफेज अशा दोघांच्याही खुणा असलेला पेशीगट पाहत होतो आणि तो नवा प्रकार आहे असे धरून चाललो होतो. केंद्रातील ऑपरेटरने लेसरसमोरून जाताना पेशीकडून मिळणाऱ्या सिग्नलची उंची आणि क्षेत्रफळ यांचा आलेख उघडला आणि त्या एकेकट्या पेशी नसून चिकटलेल्या जोड्या असल्याचे शांतपणे दाखवले. नमुना बारीक जाळीतून गाळून, जोड्या वगळून पुन्हा पाहिला, तेव्हा तो गट जवळजवळ नाहीसा झाला.

वेळेचे गणितही बुकिंगच्या आधीच करायला हवे. दहा हजारांत एक असलेल्या पेशींपैकी 5,000 पेशी हव्या असतील, तर सर्व काही निर्दोष झाले तरी 5 कोटी पेशी यंत्रातून जाव्या लागतात. सेकंदाला 10,000 या वेगाने त्याला 83 मिनिटे लागतात. एवढा वेळ पेशी थंड आणि जिवंत ठेवायच्या असतात, शिवाय रुग्णाचा ताजा नमुना असेल तर सूक्ष्म तुषारांपासून ऑपरेटरचे संरक्षण करायचे असते. एक तासाचे बुकिंग करून असा नमुना आणणे हा ऑपरेटरवर आणि ज्या रुग्णाने तो दिला त्याच्यावरही अन्याय आहे.

केंद्राचे मूल्यमापन यंत्र किती तास चालले एवढ्यावरच करण्याची पद्धत मला पटत नाही. रोज सकाळी प्रमाणित मणी (ठरावीक चमक देणारे सूक्ष्म कण) चालवून लेसर आणि डिटेक्टर तपासण्यात गेलेला वेळ बिलात दिसत नाही, पण मार्चमधला नमुना ऑक्टोबरमधल्या नमुन्याशी ताडून पाहता येतो तो त्या नोंदींमुळेच. त्या नोंदी प्रत्येक वापरणाऱ्याला खुल्या असाव्यात, प्रयोगाची आखणी होतानाच ऑपरेटरला चर्चेत बसवावे, आणि त्यांच्या विचाराने प्रयोग बदलला असेल तर शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव घालावे.